उंच बूट आणि उघडे पाय

मनुष्याच्या अंगावर जें जें वस्त्र चढतें, त्यांत पादत्राणाइतकें उपयोगी असून उपेक्षित राहिलेलें दुसरें कांहीं नाहीं. पागोट्याला मान आहे, अंगरख्याची तारीफ होते, उपरण्याची घडी मोडूं नये म्हणून आपण जपतों. जोडा बिचारा उंबरठ्याबाहेर राहतो. आपल्या भाषेनेंहि त्याचा फारसा गौरव केलेला नाहीं. कचेरींत खेपा घालून काम झालें नाहीं म्हणजे आपण ‘जोडे झिजविले’ असें म्हणतों. एखाद्यानें दुसऱ्याला पुढें करून आपलें काम साधलें, तर त्यानें ‘दुसऱ्याच्या वहाणेनें विंचू मारला’ असें म्हणतों. ही दुसरी म्हण ज्यानें प्रथम उच्चारली तो खास शेतकरी असला पाहिजे. विंचू कोठें दडतो आणि वहाणेचा खरा उपयोग काय, हें त्याला पुरतें ठाऊक होतें. त्या उपयोगाविषयीं, आणि विशेषतः पोटरीपर्यंत पोंचणाऱ्या उंच बुटांविषयीं, चार शब्द लिहावेत असें मनांत आलें, त्याला एक लहानसें कारण घडलें.

आमच्या वसतिगृहांत राहणारा नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी तेल्हारा तालुक्यांतला आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं त्याच्या वर्गानें एक नाटुकलें बसविलें होतें आणि त्यांत अमेरिकेंतील घोडेस्वार गुराख्याची भूमिका त्याच्या वांट्यास आली होती. रुंद कांठाची टोपी व गळ्यांतला रुमाल हें साहित्य मुलांनीं सहज जमविलें. अडलें तें बुटांपाशीं. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, तसे उंच बूट अमरावतींत किंवा अकोल्यांत कोठें मिळतील का?” मी कांहीं बोलणार तोंच त्यानें दुसरा प्रश्न केला. “आणि सर, आमच्या गांवचा गुराखी तर उन्हातान्हांत अनवाणी फिरतो. मग तिकडच्या गुराख्याला एवढे उंच बूट कां लागत? तो श्रीमंत होता का?”

पहिला प्रश्न बाजाराचा होता, दुसरा इतिहासाचा. पहिल्यासाठीं पायपीट करावी लागली, दुसऱ्यासाठीं पुस्तकें उघडावीं लागलीं. मात्र दोहोंचा शोध घेतांना या परदेशी बुटाचा आपल्या वऱ्हाडाशीं इतका जवळचा संबंध निघेल, असें मला वाटलें नव्हतें.

प्रथम इतिहास सांगतों. 1803 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या 29 तारखेस आजच्या अकोला जिल्ह्यांतील अडगांवच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांची फौज व इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. पुढें 15 डिसेंबर रोजीं मेळघाटांतील गाविलगड किल्ला इंग्रजांनीं सर केला आणि दोनच दिवसांनीं देवगांव येथें तह झाला. या मोहिमेंत इंग्रजांचा सेनापति आर्थर वेलस्ली हा होता. माझा विद्यार्थी ज्या तालुक्यांतून शाळेंत येतो, त्याच तालुक्यांत हें अडगांव आहे. वेलस्ली पुढें विलायतेस परत गेला, 1814 सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 सालीं वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव करून जगप्रसिद्ध झाला.

त्या काळीं युरोपांतील सैनिक जर्मनींतील हेस प्रांताच्या पद्धतीचे, गुडघ्यापर्यंतचे व वर झुबका लाविलेले बूट वापरीत. वेलिंग्टननें लंडनमधील आपल्या जोडेकऱ्याला सांगून त्यावरील झुबका व नक्षी काढविली, चामडें मऊ घेतलें आणि पोटरीशीं घट्ट बसेल असा साधा बूट करून घेतला. घोड्यावर बसतांना तो कामास येई व घरीं विजारीखालीं झांकला जाई. 1817 च्या सुमारास हा बूट त्याच्याच नांवानें लोकप्रिय झाला. कांहीं वर्षांत तो समुद्र ओलांडून अमेरिकेस पोंचला व तेथील सैनिक, शेतकरी आणि मजूर यांच्याहि पायांत दिसूं लागला.

येथें आपल्या प्रांताचा दुसऱ्यांदा संबंध येतो. 1853 सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. पुढें 1861 पासून 1865 पर्यंत अमेरिकेंत उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांमध्यें यादवी युद्ध झालें. दक्षिणेंतून निघणारा कापूस बंद पडला, लँकेशायरच्या गिरण्या अडल्या आणि त्यांची दृष्टि आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. खामगांव, अकोला, अमरावती येथील बाजारांत पैशाचा पूर आला. शांतता होतांच भाव कोसळले. पण कापसाची ओढ राहिली व 1870 सालीं खामगांवापर्यंत रेल्वेचा फांटा येऊन पोंचला. इतका भाग आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक असतो. त्याच युद्धाच्या दुसऱ्या टोकाला काय घडलें, तें सहसा कोणी सांगत नाहीं.

युद्धाच्या काळांत टेक्सास प्रांतांतील पुरुष रणांगणावर गेले आणि त्यांचीं लांब शिंगांचीं गुरें माळरानावर मोकाट वाढलीं. युद्ध संपलें तेव्हां अशीं लक्षावधि गुरें तेथें फिरत होतीं. जागेवर एका जनावराला चारपांच डॉलर येत. उत्तरेकडील शहरांत त्याच जनावराला अनेक पटींनीं अधिक किंमत मिळे. रेल्वे तर शेंकडों मैल दूर, कॅन्सस प्रांतांत. 1867 सालीं तेथील ॲबिलीन या गांवीं गुरांची मोठी पेठ वसली आणि तिकडे कळप हांकीत नेण्याचा धंदा सुरू झाला. दोन-तीन हजार गुरें, त्यांच्याभोंवतीं दहा-बारा घोडेस्वार, दोन-तीन महिन्यांचा प्रवास, मध्यें नद्या, वावटळी आणि रात्रीचे पहारे, असें तें काम होतें. म्हणजे ज्या युद्धानें वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हातांत कांहीं काळ पैसा खेळविला, त्याच युद्धानें अमेरिकेंतला गुराखी घोड्यावर चढविला.

हा गुराखी श्रीमंत नव्हता. महिना तीस-चाळीस डॉलरवर राबणारा तो मजूर होता. पुष्कळसे गुराखी गुलामगिरींतून नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय होते. पुष्कळसे मेक्सिकन होते आणि घोडा, दोर व खोगीर यांची सारी विद्या मूळची त्यांचीच होती. स्वतःच्या मालकीची म्हणण्यासारखी चीज गुराख्याजवळ बहुधा एवढीच असे: खोगीर, टोपी आणि बूट. तेव्हां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर असें कीं, तो श्रीमंत होता म्हणून उंच बूट घालीत नसे. त्याच्या कामाला ते लागत, म्हणून कमाईचा मोठा हिस्सा तो त्यांवर खर्च करी.

आतां त्या बुटाची रचना पाहावी. प्रारंभीं हे लोक सैन्यांतले जुने बूटच वापरीत, पण ते या कामाला पुरे पडेनात. घोडा उधळला असतां पाऊल रिकिबींतून आरपार सरकलें, तर स्वार तिलाच लटकून फरफटत जाई व प्राणास मुके. म्हणून टांच उंच केली व ती आंतल्या बाजूस तिरपी कापली; पाऊल तिच्यापाशीं अडून राही. चवडा निमुळता केला, कारण घाईनें घोड्यावर चढतांना रिकीब चटकन सांपडली पाहिजे. तळवा गुळगुळीत ठेवला, कारण पडण्याची वेळ आलीच तर पाय तितक्याच चटकन सुटला पाहिजे. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतों, तिच्याच कुळांतलें मेस्काइट नांवाचें कांटेरी झुडूप त्या मुलुखांत माजलेलें असे. त्याचे कांटे, गवतांत दबा धरलेला शेपटी वाजविणारा विषारी साप, पाऊस, चिखल आणि रिकिबीच्या वादीचें घर्षण, या सर्वांपासून पोटरीचें रक्षण व्हावें म्हणून बुटाचा वरचा भाग चौदा-पंधरा इंचांपर्यंत नेला. एवढें उंच चामडें घोट्याशीं ढासळूं नये म्हणून त्यावर टांक्यांच्या ओळी घातल्या. आज ज्याला आपण नक्षी समजतों ती मूळची चामड्याला दिलेली उभारी होती. बूट वर ओढून चढविण्यास सोपें जावें म्हणून दोन बाजूंस चामड्याचे दोन कान लाविले. नाडी ठेवलीच नाहीं. ती झुडपांत किंवा खोगिरांत अडकली असती. त्या बुटांत एकहि गोष्ट केवळ शोभेसाठीं आलेली नव्हती, आणि म्हणूनच तो बूट शोभिवंत दिसतो.

ही रचना कोण्या एका थोर पुरुषानें एका दिवसांत केली नाहीं. गुरांच्या वाटेवर जीं लहान गांवें होतीं, त्यांत बसणाऱ्या चर्मकारांनीं ती हळूहळू घडविली. कॅन्ससमधील ओलेथ या गांवीं चार्ल्स हायर नांवाचा कारागीर होता. तो तेथील मूकबधिर मुलांच्या शाळेंत जोडे शिवण्याचें काम शिकवी, व 1870 च्या दशकांत त्यानें आपलें दुकान उघडलें. टेक्सासमध्यें स्पॅनिश फोर्ट या वाटेवरच्या गांवीं एच. जे. जस्टिन यानें 1879 सालीं असेंच दुकान थाटलें. स्वार उत्तरेकडे जातांना पायाचें माप देई व परतीच्या वाटेवर बूट घेऊन जाई. ‘येथें बोचतो,’ ‘तेथें सैल पडतो,’ ‘टांच अजून वर पाहिजे,’ हें ऐकून जस्टिन पुढचा जोड सुधारी. दूरच्या गिऱ्हाइकाला घरबसल्या माप घेतां यावें म्हणून त्यानें फितीचा व सूचनांचा एक संचहि टपालानें पाठविण्यास आरंभ केला. 1889 सालीं रेल्वे नोकोना गांवीं आली तेव्हां त्यानें दुकान तेथें हलविलें. पुढें 1925 सालीं त्याच्या मुलांनीं तें फोर्ट वर्थ शहरीं नेलें.

तारेचीं कुंपणें पडलीं, रेल्वे सर्वत्र गेली, आणि 1885 च्या पुढें-मागें गुरें हांकीत नेण्याचा तो काळ मावळला. बूट मात्र मावळला नाहीं. चित्रपटांनीं तो उचलला, त्यावर रंगीबेरंगी फुलें व गरुड शिवले, उंची कमी केली आणि मजुराचें पादत्राण शहरांतल्या हौशी लोकांच्या पायांत नेऊन घातलें. आज तो सामान्यतः बारा-तेरा इंच उंचीचा मिळतो. जुन्या उंचीचा हवा असेल तर बहुधा मापानें करवून घ्यावा लागतो.

वेलिंग्टनच्या बुटाची दुसरी एक शाखा आहे, ती चामडें सोडून रबराकडे गेली. अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यानें रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट 1844 सालीं घेतलें. त्याच कृतीनें 1853 सालीं हायरम हचिन्सन यानें फ्रान्समध्यें पादत्राणांचा कारखाना काढला. तेथील शेतकरी तोंपर्यंत लांकडी खडावांसारखे जोडे घालून चिखलांत राबत व संध्याकाळीं ओल्या पायांनीं घरीं येत. रबरी बूट आल्यावर त्यांचे पाय कोरडे राहूं लागले. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील पाण्यांत उभ्या राहणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठीं असे दहा लाखांहून अधिक जोड तयार झाले. आपण ज्याला गमबूट म्हणतों, तो हाच.

आतां बाजाराकडे वळूं. अमरावतीस इतवारा व जवाहर गेटाच्या भागांत मी एक अख्खी दुपार घालविली. अकोल्यास कामानिमित्त गेलों असतां गांधी रोड व टिळक रोडवरील दुकानें पाहिलीं. उंच बूट अगदींच नाहींत असें नव्हे. मुलींच्या हिवाळी पोशाखाबरोबर घालण्याजोगे, बाजूस चेन असलेले, काळे-तपकिरी बूट दोन-तीन ठिकाणीं दिसले. परंतु त्यांचें चामडें म्हणजे कापडावर चढविलेला रंगीत पापुद्रा. दुमडला कीं भेगा पडाव्या. तळवा डिंकानें चिकटविलेला. एका दुकानदारानें मोबाइलवर मला शेंकडों चित्रें दाखविलीं व म्हणाला, “सर, पैसे मोजा, आठ दिवसांत घरपोंच.” कानपुरांत घोडेस्वारीचे उत्तम बूट अजून तयार होतात व परदेशींहि जातात, हें मला माहीत होतें, पण शाळेच्या नाटुकल्यासाठीं तेवढा खर्च शोभला नसता.

अखेरीस अकोल्यास रस्त्याच्या कडेला छत्री उभारून बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकाराकडे गेलों. त्यांच्या पुढ्यांत रापी, आरी, लोखंडी तिपाई व मेणाचा गोळा इतकाच संसार होता. “काका, असा बूट तुम्ही कधीं केला आहे का?” असें विचारून मीं चित्र पुढें केलें. त्यांनीं तें डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलें व म्हणाले, “केला नाई गुरुजी, पन कसा केला असन ते समजते.” मग त्यांनीं बोटानें चित्रावरची टांच, टांके व कान दाखवून प्रत्येकाचें कारण मला सांगितलें. जें समजण्यास मला चार पुस्तकें लागलीं होतीं, तें त्या अनुभवी हातांना एका चित्रावरून उमगलें. मीं दुकानांत पाहिलेल्या बुटांविषयीं विचारलें तेव्हां ते हंसले. “गुरुजी, बुटाचा वरचा भाग पाहनाऱ्यासाठी रायते, तळवा चालनाऱ्यासाठी. तुमी पह्यले बूट उलटा करून पाहा.”

ज्या कोणाला आज जुन्या पद्धतीचा चांगला उंच बूट घ्यावयाचा असेल, त्यानें हें एक वाक्य ध्यानांत ठेवावें. बूट उलटा करून पाहावा. तळवा शिवलेला असेल तर झिजल्यावर तो पुन्हां बसवितां येतो. नुसता चिकटविलेला असेल तर बूट एका हंगामाचा. चांगल्या बुटाच्या तळव्याच्या कमानींत आजहि कांहीं कारागीर लांकडाच्या बारीक खुंट्या ठोकतात. ओलाव्यानें लांकूड व चामडें दोन्ही बरोबरच फुगतात व बरोबरच आंवळतात, म्हणून पकड सुटत नाहीं. चामडें खरें असेल तर कापलेल्या कडेला त्याचे तंतु दिसतात. एवढें पाहणाऱ्याला छापाचें नांव वाचण्याची फारशी गरज पडत नाहीं.

त्या काकांनीं आमचें काम मोठ्या युक्तीनें केलें. एन.सी.सी.च्या जुन्या बुटांवर त्यांनीं जाड चामड्याचे दोन नळे शिवून चढविले, वर दोन कान लाविले व दोन ओळी पांढऱ्या टांक्यांच्या घातल्या. मजुरी सांगतांना ते संकोचले. ज्या हातांनीं सर्वांचे पाय झांकले, त्या हातांना आपल्या समाजानें शतकानुशतकें दूर बसविलें, आणि तो संकोच त्याच वागणुकीनें शिकविलेला आहे. आपल्या विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट आठवावी. मराठी भाषेचें छापील व्याकरण 1805 सालीं व कोश 1810 सालीं ज्यांनीं प्रसिद्ध केला, ते श्रीरामपूरचे विल्यम केरी तरुणपणीं इंग्लंडांतल्या एका खेड्यांत जोडे शिवीत असत, व त्यांनीं तें कधीं लपविलें नाहीं. जोडा शिवणाऱ्या बोटांनीं आपल्या भाषेचे नियम जुळविले, ही गोष्ट मराठीच्या तासाला सांगण्यांत मला नेहमीं अभिमान वाटतो.

नाटुकलें छान झालें, पण मला सांगावयाचें आहे तें त्यानंतरचें. त्या विद्यार्थ्याचे वडील संमेलनासाठीं गांवाहून आले होते. पडदा पडल्यावर त्यांनीं मुलाच्या पायांतले बूट हातांत घेतले, चामडें दाबून पाहिलें आणि मला म्हणाले, “गुरुजी, हे बूट त्या राती माह्या भावाच्या पायात असते, त आज त्याचा पाय धड असता.” दोन वर्षांपूर्वीं त्यांचा धाकटा भाऊ हरभऱ्याला पाणी देण्यासाठीं रात्रीं शेतांत गेला होता. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यांत रात्रींचीच होती. पाट फोडण्यासाठीं वांकला असतां घोट्याजवळ घोणस चावली. तिला आपल्याकडे परड म्हणतात. इस्पितळांत नेल्यामुळें प्राण वांचला, पण पायाचें मांस सडून तो कायमचा अधू झाला. पायांत त्या वेळीं रबरी चप्पल होती.

मीं घरीं येऊन या विषयाची माहिती काढली. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष माणसें मरण पावलीं असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा अभ्यासकांनीं काढलेला अंदाज आहे. यांतील बहुसंख्य मृत्यु खेड्यांतले व दंश बहुतेक पायांवरचे. हे मृत्यु 2030 सालापर्यंत निम्म्यावर आणावेत असा संकल्प भारत सरकारनें 2024 सालच्या मार्च महिन्यांत जाहीर केलेल्या राष्ट्रीय योजनेंत केलेला आहे. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत 2017 सालीं कापसावर विषारी औषध फवारतांना वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पिकें माणसाएवढीं वाढलेलीं, अंगावर साधे कपडे, पाय उघडे. हे आंकडे वाचतांना गुराख्याच्या बुटाची कथा मला निराळीच दिसूं लागली. जें पादत्राण कांट्यांपासून व सापांपासून मजुराचें रक्षण करण्यासाठीं जन्मास आलें, तें आज शहरांतल्या कांचेच्या कपाटांत बसलें आहे. आणि ज्याला कांट्यांत व सापांत रोज वावरावें लागतें, त्या वऱ्हाडच्या मजुराचा पाय उघडाच आहे.

तर मग गमबूट आहेतच कीं, असें कोणी म्हणेल. मलाहि तसेंच वाटलें. अकोल्याच्या एका कृषि केंद्रांत चारपांचशें रुपयांस एक जोड मिळाला, तो मीं त्या गृहस्थांकडे पाठविला. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधीं ते भेटले तेव्हां त्यांनीं प्रांजळपणें आपला अनुभव सांगितला. हिवाळ्यांतल्या रात्रीं पाणी देतांना, गंजी हलवितांना, कडबा उचलतांना बूट फार कामास आले. “पन गुरुजी, पावसायात काया मातीत ते फसते. पाय बाहीर येते अन् बूट तिथंच रायते.” दुपारच्या उन्हांत आंत घामाचें पाणी होतें व पाय भाजतो. निंदायला बसणाऱ्या बायांना तर त्यांत मांडी वळवितांच येत नाहीं. शिवाय त्यांच्या मापाचे बूट दुकानांत कोणी ठेवीत नाहीं.

त्यांचें हें बोलणें म्हणजे तक्रार नव्हती. तें माप होतें. टेक्सासचे स्वार जस्टिनला जें सांगत, अगदीं त्याच जातीचें. फरक एवढाच कीं, तिकडे तें ऐकून घेणारा कारागीर वाटेवरच बसला होता. आपल्याकडे ऐकणारा कोणी नाहीं. वऱ्हाडची माती ओली झाली म्हणजे चिकट होते, सुकली म्हणजे भेगाळते. येथें मे महिन्यांत ऊन 45 अंशांच्या घरांत जातें. येथील अर्धें शेतकाम बायका बसून करतात. थंड व ओल्या मुलुखासाठीं काढलेला बूट या सर्वांना कसा पुरेल? आपल्या मातीसाठीं, आपल्या उन्हासाठीं, आपल्या पायांसाठीं बूट अजून कोणी घडविलेला नाहीं, आणि तो घडविण्यास लागणारें ज्ञान आपल्या जिल्ह्यांत दोन ठिकाणीं विभागून पडलें आहे. पाय कोठें भाजतो तें शेतकऱ्याला ठाऊक. चामडें कोठें दुमडतें तें छत्रीखालच्या काकांना ठाऊक. या दोघांची गांठ घालून देणारा तिसरा मनुष्य पाहिजे, आणि तो शाळेंतूनच निघावयाचा आहे.

माझ्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील कित्येकजण पुढें अभियंते होण्याचें मनांत धरून आहांत. सुट्टींत घरीं जाल तेव्हां एक काम करा. आपल्या घरांतील जीं माणसें शेतांत राबतात, त्यांच्या पायांकडे एकदां नीट पाहा. भेगा, कांट्यांचे वण, जुन्या जखमा कोठें आहेत तें एका कागदावर पायाची आकृति काढून टिपून घ्या. चिखलांत काय अडतें, उन्हांत काय टोंचतें, रात्रीं कशाची भीति वाटते, हें आईला निराळें व वडिलांना निराळें विचारा. तो कागद शाळेंत घेऊन या. दहा गांवांचे असे शंभर कागद जमले तर आपल्यापाशीं असें एक पुस्तक होईल, जें कोणत्याहि ग्रंथालयांत आज सांपडणार नाहीं. तोंवर घरांत सांगून ठेवा कीं, रात्रीं शेतांत जातांना पायांत जें असेल त्यांत उत्तम तें घालावें, हातांत बॅटरी व काठी घ्यावी. आणि दंश झालाच तर चिरणें, आवळून बांधणें, मांत्रिकाकडे नेणें यांत क्षणहि न घालवितां जेथें प्रतिविष मिळतें त्या सरकारी इस्पितळाचा रस्ता धरावा.

वेलिंग्टन आपल्या प्रांतांतून किल्ला जिंकून गेला व त्याचें नांव एका बुटाला मिळालें. वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या पायांत शोभेल असा बूट जो करील, त्याचें नांव बुटाला मिळो वा न मिळो. हरभऱ्याला पाणी देऊन पहांटे सुखरूप घरीं परतणारीं माणसें त्याला विसरणार नाहींत.